तळहातावरचा पेग

आमच्या कॉलनीत मला बरीच वर्षं दारुडा समजत होते. कुणी मला झोकांड्या खाताना पाहिलं नव्हतं, माझा चढलेला आवाज ऐकला नव्हता, पण वास यायचा ना! ड्युटी संपवून शेअर रिक्षात बसलो की शेजारचा माणूस नाक आक्रसून सरकायचा. एकदा माझ्या मेहुण्यानं बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, खरं सांग, दाजी घेतात का?" ती म्हणाली, "घेतात की. हातानं घेतात, तोंडानं नाही." मेहुणा बिचारा अजून त्या उत्तराचा अर्थ लावतोय.

अर्थ साधा आहे. मी नगरमध्ये एका वाईन शॉपच्या काउंटरवर उभा राहून केस पांढरे केले. जिल्ह्याचं नाव आता बदललंय, पण तोंडात नगरच बसलंय, त्याला इलाज नाही. वाईन शॉप हेही म्हणण्यापुरतंच. वाईन मागणारा महिन्यातून एखादा, बाकी सगळे क्वार्टरवाले नाहीतर खंबेवाले. खंबा म्हणजे पूर्ण बाटली. तर अशा दुकानात मी सिंगल माल्टचा जाणकार म्हणून नाव कमावलं. सावेडीतले डॉक्टर, कारखान्यांचे संचालक, भंडारदऱ्याला काजवे बघायला निघालेली मित्रमंडळी, सगळे म्हणायचे, भाऊसाहेबांना विचारा. भाऊसाहेब म्हणजे मी. आणि या भाऊसाहेबानं आजतागायत एक घोट घेतलेला नाही.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अहो, लोक चकली खात वाचणार, त्यात माझी दारू कशाला? ते म्हणाले, पिणाऱ्यांनी लिहिलेलं ढीगभर येतं, न पिणाऱ्याचं अजून आलेलं नाही. म्हटलं, ठीक आहे. पण हसवायची हमी देत नाही. यात एका माणसाचं मरण आहे आणि ते मला अजून नीट गिळता आलेलं नाही.

आधी न पिण्याचं सांगतो. आम्ही मूळचे तिसगावचे. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून घरात पंचशील. पण ऊसतोडीच्या फडावर दिवसभर कोयता चालवून आलेल्या माणसाला पाचवं शील जड जातं. पाचवं शील म्हणजे नशेपासून दूर राहण्याचं. माझे वडील फडावर कधीमधी घ्यायचे, गावात आले की सोडायचे. रोजचे पिणारे नव्हते, मारकुटे तर अजिबात नव्हते. काविळीनं गेले तेव्हा मी बारावीत होतो. पुढे नगरला वाईन शॉपमध्ये जागा आहे म्हणून कळलं. शेठला न पिणारा माणूस पाहिजे होता, कारण आधीचा गडी मालाची राखण करता करता मालातच बुडाला होता. आईला विचारलं. ती दोन दिवस बोललीच नाही. मग मला विहारात घेऊन गेली, मूर्तीपुढे बसवलं आणि म्हणाली, "इक. पोटासाठी इकायला लागंल तर इक. पर जिभंला लावायची न्हाई. मला शबुद दे." मी दिला.

पुढे एकदा पाथर्डीला एक भन्तेजी आले होते. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, दारूच्या दुकानात काम करतो पण शील मोडलेलं नाही. ते शांतपणे म्हणाले, "दारू विकणं हीसुद्धा सम्यक आजीविका नव्हे, भाऊसाहेब." माझी ऐट तिथंच उतरली. पण नोकरी काही सोडली नाही. दोन लेकरं शाळेत होती. शब्द तेवढा जास्तच घट्ट धरून ठेवला, कारण धरायला दुसरं काही उरलं नव्हतं.

आता सिंगल माल्ट म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही पुढचं वाचताना माझ्या मेहुण्यासारखे बसाल. जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, दळायचे, आंबवायचे आणि तांब्याच्या हंड्यात त्याचा अर्क काढायचा. तो ओकच्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षं झोपवून ठेवायचा. हे सगळं एकाच भट्टीवर झालं तर ती व्हिस्की सिंगल. एवढंच. आमच्या एका बिल्डरांना हे पटायचंच नाही. ते यायचे आणि म्हणायचे, "भाऊसाहेब, सिंगल राहू द्या, डबल माल्ट दाखवा. आपल्याला काही कमी आहे का?" मी सांगून थकलो. शेवटी शेठ म्हणाला, त्यांना महागातली दे आणि डबल आहे म्हण. मी दिली महागातली, पण डबल म्हणालो नाही. ते स्वतःच म्हणत गाडीत बसले.

दुसरे एक निवृत्त इंजिनिअर. बारा वर्षांची बाटली घेऊन त्यांनी ती कपाटात ठेवली, मुलीच्या लग्नाला उघडायची म्हणून. लग्न जमेपर्यंत बराच काळ गेला. मला फोन करून म्हणाले, "आता ही वीसच्या पुढची झाली असेल ना हो?" अहो, पिंपातून बाटलीत आली की तिचं वय थांबतं! बाटलीत ती फक्त वाट बघते. शिवाय त्यांनी ती कुठंतरी वाचून आडवी ठेवली होती. आडवी ठेवतात ती वाईन. व्हिस्कीचं स्पिरिट कडक, ते बुचाला खातं. ते बाटली घेऊन आले तर बूच भुसा होऊन आत पडलं होतं. त्यांचा चेहरा बघवेना. मी गाळणीनं गाळून दिली आणि म्हटलं, लग्नात कुणाला कळणार नाही. खरंच कुणाला कळलं नाही.

आणि ते धुराचं प्रकरण! स्कॉटलंडच्या काही बेटांवर दलदलीतली वाळलेली माती जाळून तिच्या धुरावर जव सुकवतात. त्या व्हिस्कीला धुराचा, आयोडिनचा वास असतो आणि जाणकार लोक त्यावर जीव टाकतात. एका संचालकांना मी ती दिली. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर बाटली घेऊन हजर. "साहेब म्हणत्यात, ह्याला दवाखान्याचा वास येतोय, माल खराब हाय. बदलून द्या." उघडलेली बाटली कशी बदलून देणार? पण शेठ घाबरट, दिली बदलून. ती उघडी बाटली मात्र माझ्या कामाला आली. महिनाभर मी तिचे थेंब हातावर घेऊन तो धूर ओळखायला शिकलो.

कारण माझी पद्धत हीच होती. चार थेंब तळहातावर घ्यायचे, दोन्ही हात चोळायचे, स्पिरिटचा झणका उडून जाईपर्यंत थांबायचं आणि मग ओंजळ नाकाशी न्यायची. झणका गेल्यावर मागे जे राहतं तो खरा माल. धान्य, लाकूड, सुकं फळ, जे असेल ते. बनावट मालात मागे काही राहत नाही, राहिलीच तर जळकी साखर. बनावट बाटल्यांचा धंदा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. उंची बाटली रिकामी झाली की भंगारवाला तिला बुचासकट, खोक्यासकट उचलतो आणि मग ती पुन्हा भरून येते. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगायचो, संपली की लेबल फाडा, बूच फेका. लोक हसायचे. शोकेसमध्ये दिवा लावून रिकाम्या बाटल्या मांडणारी माणसं ती, लेबल कशाला फाडतील?

ही हात चोळायची विद्या मला कर्नलसाहेबांनी शिकवली. आता त्यांच्याकडे येतो.

कर्नल सामंत मूळचे कोकणातले, रणगाड्यांच्या फौजेत होते, निवृत्त झाल्यावर नगरच्या छावणीजवळ भिंगारला बंगला बांधून राहिले. मूलबाळ नाही. नवरा-बायको दोघंच. फौजेच्या कॅन्टीनमधून रम मिळायची, पण माल्टसाठी ते आमच्या दुकानात यायचे. पहिल्याच भेटीत मी पाठ केलेली पोपटपंची सुरू केली. सर, यात मध आहे, व्हॅनिला आहे, ओक आहे. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू प्यायला आहेस का ही?"

"नाही सर. घरात पंचशील आहे, मी घेत नाही."

"मग मध कुठून आला?"

"कंपनीच्या कागदावर आहे, सर."

ते एवढे हसले की रांगेतला क्वार्टरवालाही हसायला लागला. मग म्हणाले, "पीत नाहीस ते उत्तम. पण वासाला तर तुझ्या शीलात बंदी नाही ना? ड्राय डेला घरी ये."

तेव्हापासून आमचे ड्राय डे सुरू झाले. दोन ऑक्टोबर, सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, आषाढी, अनंत चतुर्दशी, शिवाय कुठली ना कुठली निवडणूक. गाव कोरडं पडलं, दुकानाला कुलूप लागलं की मी भिंगारला. "जय भीम, सर." "जय भीम, भाऊसाहेब," म्हणून ते सलाम ठोकायचे. व्हरांड्यात दोन खुर्च्या. त्यांच्यासमोर पोटाशी फुगीर, तोंडाशी निमुळता असा काचेचा ग्लास. त्यात थोडी माल्ट, चमचाभर पाणी, आणि मग माझ्या हातावर चार थेंब. "हा तुझा पेग," म्हणायचे.

मग विचारायचे, "काय?"

पहिल्यांदा मी कागदावरचंच सांगितलं. ते ओरडले, "दुकानातलं दुकानात ठेव! तुला काय येतंय ते सांग." मी डोळे मिटून म्हटलं, "सर, हुरडा भाजतात तेव्हा आगटीतून राख उडते, तसं काहीतरी. आणि मागून नव्या खाटेची सुतळी." ते बराच वेळ ग्लासात नाक घालून बसले आणि म्हणाले, "सुतळी! अरे, मी वीस वर्षं ह्याला शब्द शोधतोय." खरं सांगू, आयुष्यात कुणी माझ्या बोलण्यावर एवढा विचार केला नव्हता. गुळाच्या काहिलीवरचा फेस, ओलं गोणपाट, सुकलेली बोरं, पत्र्याच्या ट्रंकेतलं लग्नाचं पातळ, असं मी सांगत जायचो आणि ते एकेक घोट घेऊन मान डोलवायचे. वास मी सांगायचा, चव त्यांनी सांगायची. आमची वाटणी ठरून गेली होती.

त्यांच्या मिसेसना मी मॅडम म्हणायचो. त्या आम्हाला हसायच्या, भजी आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. त्या एकदा एकट्याच दुकानाकडे आल्या. दुकानात कशा येणार? शेजारच्या मेडिकलमध्ये थांबल्या आणि तिथल्या पोराबरोबर मला निरोप पाठवला. मी गेलो तर खोकल्याच्या औषधांसमोर उभ्या.

"भाऊसाहेब, आमच्या लग्नाचा वाढदिवस येतोय. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. त्यांनी कधी न घेतलेली आणि त्यांना आवडेल अशी एक द्या."

"बजेट, मॅडम?"

"ते तुम्ही बघू नका. तुम्ही त्यांना ओळखता."

आमच्या वरच्या फळीवर एक बाटली कितीतरी दिवस पडून होती. साधं पांढरं लेबल, ना सोनेरी रंग, ना हरणाचं चित्र, म्हणून कुणी हात लावत नव्हतं. पण छोट्या जुन्या भट्टीची होती आणि त्या भट्टीबद्दल कर्नलसाहेबांनीच मला एकदा सांगितलं होतं. मी ती धूळ पुसून दिली. माझ्या नाकाखालून ती कधी गेली नव्हती. सीलबंद बाटलीचा वास कसा घेणार? अंदाजानं दिली.

तो वाढदिवस आलाच नाही. आदल्या आठवड्यात मॅडम देवाघरी गेल्या. सकाळी चहा ठेवला आणि ओट्याशीच बसल्या, उठल्या नाहीत. कर्नलसाहेबांना ती बाटली नंतर सापडली, मॅडमच्या कपाटात, रंगीत कागदात गुंडाळलेली. मला दाखवून एवढंच म्हणाले, "तूच दिलीस ना?" मी हो म्हणालो. त्यांनी ती परत कपाटात उभी ठेवली.

पुढे ती भट्टी बंद पडली. या धंद्यात असं झालं की वेड लागल्यासारखं होतं. जी बाटली कुणी फुकट बघत नव्हतं तिच्यासाठी लोक गावोगाव फिरतात. पुण्याचे एक गृहस्थ असल्या बाटल्या गोळा करायचे, प्यायला नव्हे, ठेवायला आणि विकायला. त्यांना कुठून तरी पत्ता लागला. त्यांनी माझ्यामार्फत आकडा पाठवला. ऐकून माझे कान तापले. कर्नलसाहेबांना सांगितला तर म्हणाले, "त्यांना विचार, बायकोची किंमत कशी काढतात? सीलबंद हवी की उघडलेली?" मी तो निरोप तसाच काही दिला नाही. नाही म्हणालेत, एवढंच सांगितलं.

खरं तर या धंद्यातलं मला कळलेलं सगळं त्या बाटलीत आलं. बंद आहे तोवर तिला किंमत, उघडली की फक्त चव. दोन्ही एकदम मिळत नाही. बहुतेक लोक किंमत राखतात आणि चव न घेताच जातात. कर्नलसाहेब त्यातले नव्हते, पण ही बाटली त्यांना उघडवत नव्हती. दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वाढदिवसाला.

मग घसा धरला. आधी वाटलं थंडी आहे, मग पुण्याला तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला, मग ते लाईटचे शेक. आजार आटोक्यात येईना आणि अन्ननलिका आवळत गेली. शेवटी डॉक्टरांनी पोटातून नळी घातली. दूध, पेज, औषधं, सगळं नळीतून. तोंडानं पाण्याचा थेंबही नाही, ठसका लागून फुप्फुसात जाईल म्हणून. आवाज बसला, फुसफुस तेवढी उरली. दिवसा देखभालीला एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, असायचा, तो सांगायचा, साहेब कधी चिडत नाहीत. मला ते ऐकून जास्त वाईट वाटायचं. चिडणं हा त्यांचा स्वभाव होता.

आमचे ड्राय डे मात्र चुकले नाहीत. आता पेग दोघांचाही हातावरच. त्यांच्या तळहातावर मी चार थेंब टाकायचो, ते हात चोळायचे, ओंजळ नाकाशी न्यायचे. "आता दोघंही शीलवान," असं फुसफुसून हसायचे. मी हसायचो आणि घरी येऊन बायकोपुढे रडायचो.

पंधरा ऑगस्टला गेलो तर व्हरांड्यात टेबलावर ती बाटली. शाळेचा लाउडस्पीकर चालू होता, ब्रदर झेंडावंदनाला गेला होता. त्यांनी खुणेनं सांगितलं, उघड.

"सर, वाढदिवस तर..."

"तोपर्यंत कोण थांबतंय?"

मी सील काढलं. बूच जुनं, अर्धं हातात आलं आणि अर्धं तुकडे होऊन आत. मी स्वयंपाकघरातून चहाची गाळणी आणली आणि ग्लासात गाळली. रंग फिकट, वाळक्या गवताचा. थेंब हातावर घेतले, त्यांच्याही हातावर दिले. आम्ही दोघं ओंजळी नाकाशी धरून बसलो. लाउडस्पीकरवर कुणी भाषण करत होतं. मला आधी मेण आलं, मग पेरूच्या फोडी, आणि अगदी शेवटी, झणका पार उडाल्यावर, धुतलेल्या सुती कापडाला इस्त्री करताना येते ती वाफ. मी सांगितलं. ते मान हलवत होते. डोळ्यांतून पाणी ओघळून मिशीत जात होतं.

"इस्त्री," ते म्हणाले. "बरोबर. पण वास मलाही येतोय. नाक शाबूत आहे माझं. चव सांग."

मला कळलंच नाही. "म्हणजे, सर?"

"तिनं मला दिलेली एकच बाटली. मी ती चाखली नाही. तेव्हा चाखायला हवी होती, आता येत नाही." प्रत्येक शब्दाला ते थांबत होते. "तू एक घोट घे आणि मला सांग कशी आहे. बस."

मी गारच पडलो. म्हटलं, "सर, डॉक्टर मित्र आहेत ना तुमचे? त्यांना बोलावतो. आत्ता फोन करतो."

"डॉक्टर म्हणेल, स्मूद आहे. मला स्मूद ऐकत मरायचं नाही, भाऊसाहेब. तुझे शब्द पाहिजेत."

ग्लास त्यांनी माझ्याकडे सरकवला. मी उचललाही. काचेचा तो थंडपणा अजून बोटांना आहे. नाकाशी आणला, ओठांपर्यंत आणला. आणि मला विहार दिसला, आईचा हात माझ्या डोक्यावर दिसला. आई जिवंत आहे, ऐंशीच्या पुढं गेलेली, तिसगावला. मी काय खातो, काय पितो हे तिनं त्या दिवसानंतर कधी विचारलं नाही, इतका तिचा विश्वास. माझ्याकडे शिक्षण बेताचं, पैसा बेताचा, धंदा न सांगण्यासारखा. शब्द पाळला एवढीच एक गोष्ट होती जी मी ताठ मानेनं सांगू शकत होतो. मी ग्लास खाली ठेवला.

"सर, दुसरं काहीही सांगा. तुमचा मळ काढायला सांगा, काढीन. हे होणार नाही. आईला शब्द दिलाय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "बरोबर आहे. शब्द म्हणजे शब्द. मी मागायलाच नको होतं." आणि वर माझीच समजूत काढत माझ्या हातावर थोपटलं. मग ग्लासावर बशी झाकायला सांगितली. बाकीचा वेळ आम्ही भाषण ऐकलं.

पुढचा ड्राय डे अनंत चतुर्दशीचा. त्याच्या आधीच ते गेले. ब्रदरचा फोन आला तेव्हा मी बाजारात कोथिंबीर घेत होतो. ती पिशवी तशीच घेऊन भिंगारला गेलो. फौजेतली माणसं आली होती, बिगूल वाजला. गोव्याहून एक पुतण्या आला होता, भला मुलगा. तेरावं झाल्यावर मी त्याला बिचकत विचारलं, ती पांढऱ्या लेबलची बाटली...

"हां, ती उघडी होती ना? काकांचे मित्र बसले होते काल, त्यांना दिली. सोडा घालून संपवली. चांगली होती म्हणे, भाऊसाहेब. स्मूद."

मी बंगल्याच्या फाटकाबाहेर येऊन कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. कितीतरी वेळ रिक्षा थांबवायलाही हात वर होईना.

त्या रविवारी मी तिसगावला गेलो. बायको म्हणाली, जाऊन या, तुमचं तोंड बघवत नाही. आई ओसरीवर बसून मटकी निवडत होती. मला बघून म्हणाली, "वाळलास रं." मी तिच्याजवळ बसलो आणि कधी नव्हे ते सगळं सांगितलं. कर्नल कोण, मॅडम कोण, ती बाटली, नळी, सगळं. ती मटकी निवडत ऐकत होती. ग्लास खाली ठेवला इथपर्यंत आलो आणि थांबलो. मला वाटलं, आता पाठीवरून हात फिरवेल. खरं सांगायचं तर त्यासाठीच गेलो होतो.

"मंग घेतली न्हाईस?"

"न्हाई. तुला शब्द दिलाय ना."

"त्यो मरायला टेकला हुता, तरी?"

"तरी."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुजा बाप शेवटाला मागत हुता. कावीळ डोळ्यात उतरली हुती, पानी ठरत नव्हतं पोटात. तरी म्हनायचा, येकदा जिभंला लाव, फडावरची थंडी अंगात बसलीया. डाक्टर न्हाई म्हनला हुता. तुमा पोरास्नी म्या आत्याकडं धाडलं आन् भट्टीवर गेले. म्या, सोता. पदराखाली तांब्या धरून. बोट बुडवून त्याच्या जिभंवर फिरवलं. हासला रं. दुसऱ्या दिशी गेला."

मला हे माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"मंग म्या विहारात गेले आन् लई रडले. माज्या हातनं दिली म्हनून. त्येचीच धास्ती हुती, म्हनून तुज्याकडनं शबुद घेतला. तुला लागू नये म्हनून घेतला. मरनाऱ्याच्या तोंडाम्होरनं काढून घ्यायला नव्हता घेतला."

"आई, मला काय ठावं?"

"आरं, शबुद माजा हुता. मला दिल्ता ना? मंग म्या सोडला असता." ती माझ्याकडे वळली. चिडली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. "फोन हाय की माज्यापाशी. तितनंच येक फोन लावायचास. म्या म्हनले असते, घे बाबा, आन् सांग त्येला."

फोन माझ्या खिशात होता. डॉक्टरांना लावायला मी तो बाहेर काढलासुद्धा होता. आईला लावावा, हे मला सुचलंच नाही.